थेंबभर वंगण

२०२४ सालच्या जुलै महिन्यात डॉक्टरांच्या आज्ञेवरून मी तीन आठवडे पावसला जाऊन राहिलो. रत्नागिरीच्या दक्षिणेस, समुद्रापासून फारसे दूर नसलेले हे गाव. माझे एक जुने स्नेही शिक्षकाच्या नोकरीतून निवृत्त होऊन तिथे आपल्या आंब्याच्या बागेत घर बांधून राहिले आहेत. सारा गाव त्यांना 'मास्तर' म्हणतो, म्हणून मीही म्हणतो. जांभ्या चिऱ्यांचे घर, पुढे पडवी, पडवीसमोर न्हाऊन निथळणारी हापूसची कलमे आणि दिवसरात्र कोसळणारा पाऊस. "फादर, पावसात पावसाला कोणी येतं का?" असे म्हणत मास्तरांनी माझी पिशवी उचलली आणि आमचा मुक्काम सुरू झाला.

विश्रांतीसाठी गेलो होतो हे खरे. परंतु रिकाम्या हाताने गेलो नव्हतो. सोबत संगणक होता आणि त्याला जोडावयाचा एक वजनदार कीबोर्ड होता. तो मला माझ्या पुतण्याने दिला होता. तो पुण्यात संगणकाच्या नोकरीत आहे. "काका, तुम्ही अजून टाइपरायटर बडवल्यासारखे टाइप करता, त्या पातळ कळा तुमच्यापुढे टिकायच्या नाहीत," असे सांगून त्याने दोन वर्षांपूर्वी नाताळात ही भेट माझ्या हाती ठेवली. या कीबोर्डाला 'मेकॅनिकल' म्हणतात, कारण त्याच्या प्रत्येक कळीखाली स्वतंत्र स्विच असतो आणि त्यात स्वतंत्र स्प्रिंग असते. बोटाला उत्तर देणारी कळ म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळले.

पावसला मला एक पत्र लिहावयाचे होते. ते माझ्या थोरल्या भावाला. आम्ही त्याला 'भाऊ' म्हणतो. २०१४ साली आई गेली आणि त्यानंतर वर्षभरात आमच्यातले बोलणे संपले. लग्नकार्यात, मयतीला भेट होई, प्रकृतीची विचारपूस होई. पण बोलणे असे नव्हते. दोघांमध्ये धावणारा दुवा एकच, हा पुतण्या. तो आपल्या वडिलांविषयी माझ्यापाशी कधी बोलत नसे आणि माझ्याविषयी त्यांच्यापाशीही बोलत नसावा. फक्त दोन्ही घरी येत जात असे.

पहिल्याच रात्री पडवीत बसून मी लिहावयास घेतले आणि कीबोर्ड वाजू लागला. कळांचा नेहमीचा आवाज मला प्रियच आहे. पण हा तो नव्हता. स्पेसबार दाबला की आत काहीतरी सुटे झाल्यासारखे खळखळत होते. डाव्या उजव्या दोन्ही शिफ्टचे तेच. पावसाचा जोर ओसरला की ती खळखळ साऱ्या घरात ऐकू जाई. मास्तरांच्या पत्नीने सकाळी हसत विचारले, "फादर, रात्री डब्यात खिळे मोजत होतात का?"

आता हे आवाज याच कळांतून का यावेत, हे थोडे समजून घेण्यासारखे आहे. अक्षराची कळ चौकोनी आणि लहान. तिच्या मधोमध स्विच असतो आणि बोट कुठेही पडले तरी ती सरळ खाली जाते. परंतु स्पेसबार जवळजवळ बारा सेंटिमीटर लांब. त्याच्याही मध्यभागी स्विच एकच. कडेला बोट पडले तर ती बाजू खाली जाईल आणि दुसरी तिरपी वर राहील. तसे होऊ नये म्हणून लांब कळांच्या खाली दीडएक मिलिमीटर जाडीची, दोन्ही टोकांना वाकवलेली पोलादी तार बसवलेली असते. तारेची दोन टोके दोन प्लॅस्टिकच्या सरकत्या खुंट्यांत अडकवलेली असतात आणि त्या खुंट्या आपापल्या कोंदणात वरखाली होतात. एक बाजू दबली की तार वळते आणि दुसऱ्या बाजूलाही तेवढेच खाली ओढते. या रचनेला 'स्टॅबिलायझर' म्हणतात. स्पेसबार, एंटर, बॅकस्पेस आणि दोन शिफ्ट, एवढ्यांना तर ती असतेच. तारेचे टोक आणि खुंटी यांच्यामध्ये किंचित मोकळीक ठेवावीच लागते, नाहीतर कळ अडकेल. कारखान्यात तिथे लावलेले वंगण कमी असले किंवा वापराने निघून गेले की त्या मोकळ्या जागेत पोलाद प्लॅस्टिकवर आपटू लागते. तीच ती खळखळ.

आणि मराठी लिहिणाऱ्याला ही खळखळ इंग्रजी लिहिणाऱ्यापेक्षा अधिक ऐकावी लागते. भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली भारतीय लिप्यांसाठी 'इनस्क्रिप्ट' नावाचा कळफलक ठरवला. मी तोच वापरतो. त्यात स्वर डाव्या हाताला, व्यंजने बहुतांशी उजव्या हाताला. क, ग, त, द, प, ब साध्या कळीवर. त्याच कळा शिफ्टसह दाबल्या की ख, घ, थ, ध, फ, भ. मराठीचा जीव की प्राण असलेले ळ आणि ण शिफ्टवर. काना, वेलांटी, उकार साधे. पण स्वर स्वतंत्र उभा राहिला की त्याला शिफ्ट हवी. 'पावस' हे नाव शिफ्टला स्पर्शही न करता लिहिता येते, 'रत्नागिरी'ही येते. 'आई' मात्र दोन अक्षरांचा शब्द, आणि दोन्ही अक्षरांना शिफ्ट. 'भाऊ' लिहिताना भ ला एकदा आणि ऊ ला पुन्हा एकदा. माझ्या पत्रात हेच दोन शब्द वारंवार येत होते आणि प्रत्येक वेळी कीबोर्ड कुरकुरत होता.

आमच्या लिपीला मोजक्या कळांत बसवण्याचा प्रश्न आजचा नाही. फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेज्वीट १५७९ साली गोव्यात आले आणि त्यांनी मराठीत 'ख्रिस्तपुराण' रचले, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. ते १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत. या देशाच्या लिपीत पुस्तके छापली जावीत अशी त्यांची मनापासून इच्छा होती. परंतु त्यासाठी सहाशेच्या घरात ठसे पाडावे लागतील, युरोपात चोवीसांत भागते, ही अडचण त्यांनी १६०८ सालच्या एका पत्रात मांडली होती. आज ती सहाशे रूपे काही डझन कळांत मावली आहेत. मावली कशी? अक्षराचा पाय मोडणारी एक कळ आणि शिफ्ट, या दोघींच्या जोरावर. तेव्हा शिफ्ट खळखळू लागली तर तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. ती बिचारी थॉमस स्टीफन्स यांचे ओझे वाहत होती.

तिसऱ्या रात्री मी मास्तरांकडे स्क्रू-ड्रायव्हर मागितला.

इथे मला माझ्या स्वभावाची एक खोड सांगितली पाहिजे. बिघडलेली वस्तू दिसली की ती पूर्ण उघडावी, तळापर्यंत जावे, दोष हुडकून काढावा असे मला वाटते. सेमिनरीत असताना कार्यालयातील टाइपरायटरचा स्पेसबार अडकू लागला. एका रविवारी दुपारी सारे विश्रांती घेत असताना मी तो यंत्रराज वर्तमानपत्रावर मोकळा केला. सायंकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली तेव्हा यंत्र पुन्हा जोडलेले होते आणि तीन स्प्रिंगा हातात उरल्या होत्या. रेक्टर काही बोलले नाहीत. पुढले दोन महिने सूचनाफलकावरील साऱ्या नोटिसा हाताने लिहून काढण्याचे काम तेवढे माझ्याकडे आले.

तीच खोड मी घरी वापरली होती. आईच्या आजारपणात भावाने खर्च केला होता, बहिणींनी रात्री जागवल्या होत्या, मी प्रार्थना केली होती आणि सल्ले दिले होते. ती गेल्यानंतर घराचा, पैशाचा विषय निघू लागला. कुरकुर ऐकू येऊ लागली. मी धर्मगुरू, लोकांची भांडणे मिटवणारा. मी सर्वांना एका संध्याकाळी बसवले आणि म्हणालो, "एकदाचे सगळे उघडून टाकू. मनात काही ठेवायचे नाही." आणि उघडले. वीस वर्षांपूर्वीचे शब्द, कोणी कोणाच्या बारशाला आले नव्हते ते, कोणी आईला कोणते औषध आणले नव्हते ते. रात्री अकरा वाजता सारे सुटे भाग मधोमध पडले होते आणि ते पुन्हा कसे जोडावेत हे आमच्यापैकी कोणालाही माहीत नव्हते. भाऊ उठला, दाराशी थांबला आणि म्हणाला, "तू इथे राहत नाहीस. तुला उघडून जायला सोपे आहे." त्यानंतर नऊ वर्षे गेली.

असो. स्क्रू-ड्रायव्हर हाती घेण्यापूर्वी मला पुतण्याला फोन करण्याची बुद्धी झाली.

"काका, उघडू नका!" तो जवळजवळ ओरडलाच. "त्यातले सगळे स्विच पट्टीवर डाकलेले आहेत. ते स्टॅबिलायझर बाहेर काढायचे तर एकेक डाक सोडवावी लागेल. तुमच्याकडे डाकण्याचे हत्यार नाही, आणि असते तरी मी नको म्हटले असते. वरूनच होईल."

मग त्याने कृती सांगितली. ती कोणाला उपयोगी पडेल म्हणून इथे देतो. प्रथम कीबोर्डाची वायर संगणकातून काढावी. कळांचा एक फोटो घेऊन ठेवावा, म्हणजे परत बसवताना गोंधळ होत नाही. मग फक्त लांब कळांच्या टोप्या काढाव्या. त्यासाठी तारेचा लहानसा चिमटा मिळतो. टोपी एका बाजूने उचकटायची नाही. डावीकडून थोडी, उजवीकडून थोडी, अशी सरळ वर घ्यायची. काही कीबोर्डांत तार टोपीलाच अडकवलेली असते. तिथे टोपी ओढायची नाही, तार अलगद सोडवायची. माझ्यात खुंट्या खालीच राहणाऱ्या होत्या. टोपी निघाली की धूळ मऊ कुंचल्याने झाडायची. नंतर जाड सुईच्या सिरिंजमध्ये सिलिकॉनचे ग्रीस भरायचे, खुंटीत तारेचे टोक जिथे शिरते तिथे सुई टेकवायची आणि थेंबभर ग्रीस सोडायचे. खुंटी वरखाली करायची, म्हणजे ते आपोआप आत जाते. खुंटीच्या कडांना कुंचल्याने अगदी पातळ हात द्यायचा. मधल्या स्विचला मात्र स्पर्श करायचा नाही.

"आणि काका, स्वयंपाकघरातले तेल नको. ते चिकट होऊन धूळ धरते. गंज सोडवायचा फवाराही नको. तो उडून जातो आणि होते तेही वंगण धुऊन नेतो. व्हॅसलिन तर नकोच, उन्हाळ्यात ते वितळून पसरेल."

पावसला औषधाच्या दुकानात सिरिंज मिळाली. ग्रीसचे काय, हा प्रश्न होता. मास्तरांनी मला एका मोटारसायकल दुरुस्त करणाऱ्या तरुणाकडे नेले. प्लगच्या टोपीत पाणी जाऊ नये म्हणून लावतात ते सिलिकॉनचे ग्रीस त्याच्याकडे होते. त्याने बोटभर ट्यूब माझ्या हातात ठेवली, पैसे घेतले नाहीत आणि म्हणाला, "जरासाच लावा फादर. जास्ती लावलात तर काम बिघडेल."

मी अर्थातच जास्त लावले. उजव्या शिफ्टच्या दोन्ही खुंट्या भरून टाकल्या. आवाज थांबला खरा. पण कळ दाबली की वर येण्यास आळस करू लागली. दुसऱ्या दिवशी कापसाची काडी घेऊन बसलो आणि आदल्या दिवशी घातलेले बरेचसे ग्रीस परत टिपून काढले. जे उरले तेच पुरेसे होते. डाव्या शिफ्टला मग खरोखरीच थेंबभर घातले. स्पेसबारच्या वेळी हात बसला होता. कळ डाव्या टोकाला दाबून पाहिली, उजव्या टोकाला, मग मध्यभागी. तिन्ही ठिकाणी एकच भरीव, मऊ आवाज. जणू पेंढ्याच्या आढीवर आंबा ठेवावा, तसा.

त्या वेळी मला आईच्या शिलाई मशीनची आठवण झाली. आमच्या आईने 'उषा' मशीनवर शिवणकाम करून आम्हा चौघांना वाढवले. पहिल्या कम्युनियनच्या हंगामात पांढऱ्या झग्यांचा ढीग माजघरात पडे आणि मशीन मध्यरात्रीपर्यंत धडधडत असे. शनिवारी सायंकाळी ती मशीन पुसायची. तिच्या अंगावर जागोजाग लहान भोके असतात, तेल सोडण्यासाठीच ठेवलेली. आई लांब चोचीची कुपी घेऊन प्रत्येक भोकात एक थेंब सोडी. मग चिंधीचा तुकडा सुईखाली घालून थोडा वेळ रिकामी मशीन चालवी, म्हणजे जास्तीचे तेल चिंधीवर उतरावे आणि सोमवारी कोणाच्या पांढऱ्या झग्याला डाग लागू नये. मी विचारले होते, "आई, उघडून आतून का नाही पुसत?" ती म्हणाली, "ज्याने बनवली त्याने भोकं ठेवली आहेत ना? मग मी कशाला उघडू?" तेव्हा मला ते अडाणीपणाचे वाटले होते. त्या मशीनने तीस वर्षे काम दिले. माझा टाइपरायटर एका दुपारीत संपला.

माझ्या पत्राचे तोवर अकरा खर्डे झाले होते. प्रत्येकात तोच हिशेब होता: तू काय म्हणालास, मी काय म्हणालो, माझा हेतू काय होता, तुझा गैरसमज कुठे झाला. म्हणजे पुन्हा तोच स्क्रू-ड्रायव्हर. त्या रात्री मी ते सर्व पुसून टाकले आणि अर्ध्या पानाचे पत्र लिहिले. 'प्रिय भाऊ' असे टाइप केले. शिफ्ट दोनदा दाबली गेली आणि काहीही वाजले नाही. मी लिहिले की पावसला आहे, प्रकृती सुधारते आहे. तुझ्या मुलाने दिलेल्या कीबोर्डाला तेल घातले आणि आई आठवली. आईच्या मशीनला आता तेल कोण घालते? त्या संध्याकाळी मी सर्वांना बसवले ते चुकलेच. एवढेच. खाली नाव घातले. मास्तरांच्या एका परिचिताच्या दुकानात त्याची प्रत काढून घेतली आणि टपालात टाकली, कारण भाऊ फोनवर आलेले काही वाचत नाही.

वाचकांनी यातून भलता अर्थ घेऊ नये म्हणून एक गोष्ट स्पष्ट करतो. पुतण्याने मला हेही सांगितले होते: "तार वाकलेली असेल तर मात्र वंगणाचा उपयोग नाही, काका. मग उघडावेच लागेल, आणि उघडणाऱ्याला ते काम येत असले पाहिजे." हे खरे आहे. ज्या घरात मारहाण आहे, फसवणूक आहे, लहान मुलावर अन्याय आहे, तिथे 'जाऊ द्या, मिटवा' असे म्हणत तेल ओतणे हा आवाज बंद करण्याचा प्रकार आहे, दुरुस्तीचा नव्हे. आम्ही धर्मगुरूंनीही कधी कधी असे तेल ओतले आहे आणि त्याबद्दल आम्हाला जाब द्यावा लागेल. पण आमच्या घरातली तार वाकलेली नव्हती. ती कोरडी पडली होती, एवढेच. दोष कोणता आहे हे ओळखण्याआधी मी हत्यार उचलले, ही माझी चूक.

पावसला स्वामी स्वरूपानंदांचे समाधिमंदिर आहे. १९०३ साली याच गावात त्यांचा जन्म झाला, 'अभंग ज्ञानेश्वरी' त्यांनी लिहिली आणि १९७४ साली इथेच त्यांचा देह ठेवला गेला. मास्तर रोज सकाळी तिथे जातात. एका सकाळी पाऊस थांबला होता म्हणून मीही सोबत चालत गेलो आणि बाहेर ओट्यावर बसून राहिलो. परत येताना मास्तर म्हणाले, "स्वामी आयुष्याची सुमारे चाळीस वर्षे एकाच घरात राहिले, फादर. लोक त्यांच्याकडे गाऱ्हाणी घेऊन येत. ते फार थोडे बोलत." माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी आयुष्यभर फार बोललो आहे.

मराठीत 'कळ' हा शब्द मोठा मजेदार आहे. बोटाने दाबावयाची तीही कळ, पोटातून उठते तीही कळ, आणि भांडण उकरून काढणे म्हणजेही कळ काढणेच. पत्र टाकल्यानंतरच्या आठ दिवसांत मी तिन्ही अर्थ अनुभवले. फोन वाजला की छातीत धस्स होई. नवव्या दिवशी सायंकाळी फोन आला. पलीकडे भाऊ होता.

तो थोडा वेळ काही बोललाच नाही. मीही बोललो नाही. पडवीवर पाऊस पडत होता, तो त्यालाही ऐकू जात असावा. मग तो म्हणाला, "मशीनला मीच घालतो तेल. दर शनिवारी. कोणी शिवत नाही, तरी घालतो." आणि थोडे थांबून, "चिंधीवर चालवूनही घेतो."

घराचा विषय आम्ही अजून काढलेला नाही. तो कधीतरी काढावा लागेल आणि तेव्हा माहितगार माणूस सोबत घेऊ. पण महिन्यातून दोनदा त्याचा फोन येतो, दोनदा मी करतो. पाचदहा मिनिटे बोलतो, त्यात महत्त्वाचे असे काहीच नसते. कीबोर्डही ठीक चालला आहे. समुद्राजवळच्या दमट हवेत तो फार दिवस राहिला तर पुन्हा वाजू लागेल, असे पुतण्या म्हणतो. ग्रीसची ती ट्यूब मी सोबतच आणली आहे. अजून जवळजवळ भरलेलीच आहे.